आधीं तळीं पहा

मामा माझ्या घरी पहिल्यांदा कॉफी प्यायले तेव्हा त्यांनी पेला संपवला, उलटा केला, खिशातून चष्मा काढला आणि तळावर कोरलेलं नाव वाचलं.

"हा तुमच्या सासूबाईंच्या आईचा," ते म्हणाले. "लग्नात आला असावा."

त्या पेल्यातून मी एकोणीस वर्षं कॉफी पीत होते. तळाला नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो पेला त्या दिवसापासून कपाटात गेला. माझा रोजचा पेला गेला, म्हणून मी थोडी चिडलेच होते.

हातात येईल ती वस्तू ते आधी उलटी करायचे. माझी बहीण मिरजेहून आली आणि तिला इथली, कुंभकोणमची पितळी समई हवी होती, तेव्हा मी त्यांना दुकानात बरोबर नेलं. बहीण समईच्या माथ्यावरचा मोर बघत होती. त्यांनी समई आडवी केली, बूड वर केलं, नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "तळीं जोड आहे. ही नको." दुकानदार हिरमुसला. बहिणीनं मोर नसलेली समई नेली, आणि ती अजून हलत नाही.

"वरचं राहूं द्या. आधीं तळीं पहा." हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! तंजावरकडची मराठी ती, आपल्या पणज्यांच्या तोंडची वाटावी अशी. मी मूळची मिरजेची, लग्न करून कुंभकोणमला आले. सासर मराठीच, पण इथलं, तीनशे वर्षांपूर्वी येऊन राहिलेलं. सुरुवातीला ह्या मंडळींचं बोलणं ऐकताना मला जुनं पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं. आता माझीच बहीण मला म्हणते, तुझी भाषा बिघडली.

मी त्यांना मामा म्हणायचे. ते मला अम्मा म्हणायचे. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण इकडे बाईमाणसाला असंच म्हणतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर. खाली ते आणि मामी, वर भाडेकरू. दर महिन्याला मामींची साखर तपासायला ते दोघं माझ्या लॅबमध्ये यायचे. माझी रक्त-लघवी तपासण्याची छोटी लॅब आहे. दोन मुली कामाला, एक मोठं यंत्र, आणि दिवसभर डॉक्टरांना फोनवर रिपोर्ट पाठवायचे.

ओळख वाढली ती राउटरमुळे. राउटर म्हणजे इंटरनेटची लाइन घरात घेऊन ती सगळीकडे वाटणारी पेटी. मामा तिला डबा म्हणत, तर मीही डबाच म्हणते. लॅबमधला डबा रोज दुपारी झोपायचा. मी वैतागून नवा आणला, दुकानातला सगळ्यात भारी. तोही झोपायला लागला. त्या दिवशी मामींचं रक्त घेत होते आणि मागे कुणीतरी खुडबुडतंय असं वाटलं. वळून बघते तर मामांनी डबा वायरींसकट उलटा धरलेला, आणि एक रिपोर्ट जाता जाता अडकलेला.

"मामा! नेट गेलं!"

"तें जाणारच होतें," ते शांतपणे म्हणाले. "हा का घेतला, अम्मा?"

"दुकानदार म्हणाला, सगळ्यात चांगला."

"सहा शिंगं आहेत," अँटेना मोजत ते म्हणाले. "दूध किती देतो?"

लॅबमधल्या मुली तमिळ. त्यांना मराठी कळत नाही, पण ती बोटांनी मोजलेली शिंगं कळली. आठवडाभर त्या डब्याला गाय म्हणत होत्या.

मग त्यांनी मला समजावलं. मला उगाच समजावलेलं आवडत नाही, पण हे पटलं. कंपनी डबा विकते तेव्हा आतलं सॉफ्टवेअरही तिचंच असतं. दोन-तीन वर्षं ती त्यातल्या चुका दुरुस्त करून पाठवते, मग नवा डबा बाजारात आणते आणि जुन्याकडे पाठ फिरवते. डबा धडधाकट असतो, पण त्याच्या दारांना कड्या राहत नाहीत, कुणीही चोर आत शिरावा, आणि आपण तो फेकतो. जगात काही लोक मात्र अशा डब्यांसाठी दुसरं सॉफ्टवेअर लिहितात. सगळं उघड लिहिलेलं, कुणीही वाचावं, सुधारावं, फुकट वापरावं. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. कंपनीचं काढून हे चढवलं की जुना डबा पुढे कित्येक वर्षं चालतो, आणि कंपनीनं दिलेली नव्हती अशी कामंही करतो.

"पण प्रत्येक डब्यास तें चढत नाहीं," मामा म्हणाले. "म्हणून आधीं तळीं पहा."

खोक्यावर नाव एकच असतं, फोटो एकच असतो. कंपनी मात्र वर्षा-दोन वर्षांनी आतले सुटे भाग गुपचूप बदलते, आणि त्याचा पत्ता फक्त डब्याच्या बुडावरच्या बारीक अक्षरांत असतो. आवृत्ती एक, आवृत्ती दोन, तीन. दोन नंबरवर सॉफ्टवेअर चढतं आणि त्याच नावाच्या तीन नंबरवर चढत नाही, कारण आतली चिप बदललेली असते आणि चिप करणाऱ्यानं तिची माहिती कुणाला दिलेली नसते. मामांचा हिशेब बोटांवर होता. पोटात सोळा पाहिजे, डोक्यात एकशे अठ्ठावीस. म्हणजे कायमची साठवण सोळा एमबी आणि काम करायची मेमरी एकशे अठ्ठावीस. त्याहून कमी असलेला डबा घेऊन बसू नये. आणि नवाकोरा कधीच घ्यायचा नाही. दोन वर्षं जुना घ्यायचा, म्हणजे तोवर लोकांनी त्याच्यासाठी लिहिलेलं असतं, त्यातल्या चुका दुसऱ्यांनी भोगलेल्या असतात.

माझी सहा शिंगांची गाय त्यांनी दुकानात परत करायला लावली आणि स्वतः शोधून एक काळा, बुटका, दोन अँटेनांचा डबा आणला. तो दिसायला इतका साधा की मला वाटलं, म्हाताऱ्यानं घरातला खपवला. सहा वर्षं तो लॅबमध्ये चालला. एकदाही झोपला नाही.

सॉफ्टवेअर चढवायचं काम ते फक्त राहुकाळात करायचे. हे इकडे राहणाऱ्यालाच नीट कळेल. राहुकाळ म्हणजे रोजचा दीड तास, त्यात इथे कुणी नवं काम काढत नाही. घर बघायला जात नाही, खरेदी करत नाही, माझ्याकडे नवा पेशंटसुद्धा फिरकत नाही. मामींना ह्या उलट्या रिवाजाचा भारी राग. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "सगळें जग टाळतें, हे शोधून धरतात!"

मामा मला हळूच म्हणाले, "ह्या वेळेस कोणी हाक मारीत नाहीं, अम्मा. मध्येच वीज गेली किंवा कोणी वायर ओढली, तर डबा मरतो. दीड तास शांतता देवानें फुकट दिली आहे. कां सोडावी?"

अशी त्यांनी चाळीसेक घरं केली असतील. पट्टीश्वरम्, तिरुनीलक्कुडी, बस जाईल तिथवर. कापडी पिशवीत एक वायर, एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि चिकटपट्टी. चिकटपट्टी चिठ्ठीसाठी. प्रत्येक डब्याच्या तळाला ते एक चिठ्ठी लावत: कोणती आवृत्ती, काय चढवलं, बिघडला तर काय करायचं. पहिल्यांदा ती चिठ्ठी बघितली तेव्हा मला काही कळेना. अक्षरं तमिळ होती, शब्द तमिळ नव्हते. जरा मोठ्यानं वाचलं आणि हसूच आलं. मराठी होतं. इथल्या जुन्या घरांतून मराठी असंच लिहितात, तमिळ अक्षरांत, कारण शाळा तमिळ आणि घर मराठी. मी पंचवीस वर्षांत बसच्या पाट्या वाचून वाचून तमिळ अक्षरं शिकले, म्हणून मला जमलं.

"मामा, हे वाचणार कोण?" मी विचारलं. "इथल्या लोकांना अर्थ कळणार नाही, आणि आमच्याकडच्या लोकांना अक्षर."

"तुम्ही आहां की," ते म्हणाले.

त्यांच्या घरच्या फळीवर एक मेलेला डबा ठेवलेला होता. मी तो त्यांच्याच सवयीनं उलटा केला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "माझी चूक. तळ न पाहतां चढविलें. घाई." तो डबा ते फेकत नव्हते. रोज समोर दिसावा म्हणून ठेवला होता म्हणे. चूक लिहून ठेवणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत. लॅबमध्ये नळीवर चुकीचं नाव लागलं तर तीन जणी एकमेकींकडे बघतात, आणि त्यांतली एक मी असते.

आता त्यांच्या घरच्या डब्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मामींना ऐकू येत नाही. पन्नाशीत ताप आला आणि त्यात गेलं, यंत्रानंही भागत नाही. बोलतात व्यवस्थित, ऐकतात डोळ्यांनी. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्यांना सगळं कळतं. एकुलती एक मुलगी कॅनडात. साधा फोन मामींच्या काही कामाचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता मुलगी टॅबवर दिसते. तिकडे तेव्हा सकाळ असते, ती कामावर जायच्या आधी अर्धा तास बसते, आणि आईला दिसेल असं ओठ हलवून बोलते. तुम्ही-आम्ही व्हिडिओ कॉल करतो तेव्हा चित्र क्षणभर अडकलं तर आवाजावर भागवतो. मामींचं तसं नाही. चित्र थांबलं की मुलगी मुकी होते.

आणि सातलाच वरच्या भाडेकरूंचा मोठा टीव्ही लागतो. लाइन एकच. टीव्ही सगळी लाइन ओढून घेतो आणि खाली मुलीचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. मामांनी डब्यात ओपन सोर्सवालं सॉफ्टवेअर घालून ह्याचा बंदोबस्त केला होता. त्यात लाइनवर रांग लावता येते. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, हे आपण ठरवायचं.

"मामीची पाळी पहिली," ते म्हणायचे. "टीव्ही अर्धा क्षण थांबला तर कोणाचें काय जातें?"

टीव्हीवाल्यांना हे कधी कळलंही नाही, इतकं ते बेमालूम चालायचं. तो डबा आठ वर्षांचा होता. मामांनी त्याचे दोन भाग बदलून तो जगवला होता.

गेल्या वर्षी मामा मामींना घेऊन आले तेव्हा मला मामांच्या चपला दिसल्या. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले. पाय सुजले होते. मी मामांनाच खुर्चीवर बसवलं आणि रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट आला. असले रिपोर्ट मी डॉक्टरकडे पाठवते, पेशंटला सांगत नाही. संध्याकाळी ते एकटेच आले.

"अम्मा, तळीं काय आलें?"

मूत्रपिंडाच्या तपासणीतला मुख्य आकडा आमच्या कागदावर खरंच सगळ्यात खाली असतो.

"डॉक्टरांना भेटा, मामा."

"भेटतों. तुम्ही आकडा सांगा."

मी सांगितला. त्यांनी तो एकदा पुटपुटला, जसे डब्याचे आकडे पुटपुटायचे. मग म्हणाले, "म्हणजे कंपनीनें सोडलें."

मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "डायलिसिस आहे. लोक वर्षानुवर्षं काढतात."

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे बरं, ठीक. मग बराच वेळ काऊंटरवरची पेनं सरळ करत बसले. "घरचा डबा बदलायास हवा, अम्मा. तो आतां गरम होऊन बंद पडतो. मी आहें तोंवर चालवीन. नंतर मामीस कोण चालवून देणार? असा पाहिजे, जो एकदा लावला कीं कोणाचें काम पडूं नये."

मग शोध सुरू झाला. आठवड्यातून दोन दिवस डायलिसिस, आणि बाकीचे दिवस हा शोध. इंटरनेटवर एक यादी असते, कोणत्या डब्याच्या कोणत्या आवृत्तीवर सॉफ्टवेअर चढतं त्याची. डायलिसिसच्या खाटेवर एका हाताला नळ्या आणि दुसऱ्या हातानं ते ती यादी बघायचे. कुंभकोणमच्या दुकानांत सगळे नवे डबे, सगळे पुढच्या आवृत्तीचे. त्यांनी तंजावरला फोन केले, मायवरमला केले. शेवटी तिरुच्चीच्या एका दुकानात हवा तो सापडला. आवृत्ती तीन, जुना माल, एकच नग. दुकानदाराकडून त्यांनी बुडाचा फोटो मागवून घेतला. प्रवास त्यांना आता झेपत नव्हता. मी लॅबची रसायनं आणायला तिरुच्चीला जाणार होते.

"मी आणते," मी म्हटलं. "त्यात काय?"

त्यांनी कागदावर वर नाव लिहून दिलं, खाली दोन शब्द. मी घडी करून पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी रसायनं मिळायला उशीर झाला. ती थंड ठेवावी लागतात. बर्फाची पेटी घेऊन मी त्या दुकानात शिरले तेव्हा बर्फ वितळायला लागला होता आणि बस सुटायला थोडाच वेळ होता. काऊंटरवर दुसराच माणूस होता. मी कागद उघडला, वरचं नाव वाचून दाखवलं. त्यानं मागच्या फळीवरून खोकं काढलं. नाव तेच, फोटो तोच. मी घेतलं आणि निघाले. खाली लिहिलेले दोन शब्द मी वाचले नाहीत. बसमध्येही नाहीत. नळीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय सुई न उचलणारी मी.

मामांच्या घरी जाऊन खोकं हातात दिलं. मामांनी ते उघडलं, डबा उलटा केला, चष्मा लावला. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. आजारी माणसाला लागतो, असं मला वाटलं.

"बरोबर आहे ना?"

"उत्तम डबा आहे, अम्मा," ते म्हणाले. आणि मामींकडे वळून, ओठ नीट हलवून, "कॉफी द्या. दमून आल्या आहेत."

पुढे दोन-तीनदा मी विचारलं, सॉफ्टवेअर चढवलं का. "पाहूं," म्हणाले. "घाई नको." मुलीशी बोलणं होतं ना रोज, विचारलं. "होतें," म्हणाले. ते खरंच होत होतं, त्यामुळे मी पुन्हा विचारलं नाही. जुना डबा फळीवर मेलेल्या डब्याशेजारी जाऊन बसलेला मी बघितला होता. म्हणजे नवा चालतोय, एवढंच मी धरलं.

एका गुरुवारी डायलिसिसला न्यायला रिक्षा दारात उभी होती. चप्पल घालता घालता ते ओट्यावर बसले, आणि तिथेच गेले. मामी आत जेवणाचे डबे भरत होत्या. रिक्षावाला हाका मारत राहिला, त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत. शेवटी त्यानं आत जाऊन त्यांच्या हाताला धरून बाहेर आणलं.

मुलगी आली, दोन आठवडे राहिली, आईला बरोबर चल म्हणाली. मामींनी नाही म्हटलं. ती परत गेली. ती इथे होती तोवर टॅब लावायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे काही कळलं नाही.

महिन्याभरानं मामींच्या साखरेचा रिपोर्ट द्यायला मी त्यांच्याकडे गेले. सात वाजून गेले होते. मामी टॅबसमोर बसल्या होत्या आणि काचेवर बोट फिरवत होत्या. मुलीचं तोंड उघडं राहिलं होतं. चित्र हललं, दोन शब्द झाले, पुन्हा थांबलं. मामींनी माझ्याकडे बघितलं.

"अशीच करते हल्लीं," त्या म्हणाल्या. "अर्ध्यांत गप्प होते. मजवर रागावली असेल, इकडे राहिलें म्हणून."

"नाही मामी," मी ओठ हलवून म्हटलं. "लाइन. लाइन खराब आहे."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसलेला दिसला नाही.

वर टीव्ही मोठ्यानं चालू होता. मी जिना चढून गेले. वरची बाई चांगली आहे. मी काही बोलायच्या आधीच तिनं तोंडावर हात ठेवला आणि धावत जाऊन टीव्ही बंद केला.

"अय्यो, विसरलेच," ती तमिळमध्ये म्हणाली. "तात्ता यायचे ना, म्हणून आठवण राहायची."

तात्ता म्हणजे आजोबा. "कुठे यायचे?" मी विचारलं.

"इथे. रोज पावणेसातला. खालून हाक मारली तर मी ऐकेन, असं किती वेळा सांगितलं. ऐकायचे नाहीत. जिना चढायला किती वेळ लागायचा त्यांना! मध्ये दोनदा बसायचे. वर येऊन म्हणायचे, अर्धा तास फक्त, अम्मा. डायलिसिसच्या दिवशीसुद्धा. गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा."

"कधीपासून?"

तिनं आठवून सांगितलं. मी तिरुच्चीहून आले त्याच आठवड्यापासून.

मी खाली आले. नवा डबा कोपऱ्यात उंच फळीवर होता. स्टुलावर चढून मी तो काढला आणि उलटा केला. कंपनीच्या छापील पट्टीवर, बारीक अक्षरांत, आवृत्ती चार. तिच्याखाली चिठ्ठी. ती मुलीसाठी लिहिलेली होती. कधी ना कधी ती डबा उलटा करील असं त्यांनी धरलं असणार. लाइनचं नाव आणि पासवर्ड लिहून झाल्यावर खाली तमिळ अक्षरांत मराठी:

"तीन पाहिजे होता, चार आला. तीन विकला गेला. ह्यास दुसरें चढत नाहीं. दुकानची चूक. अम्मास सांगूं नये."

मी ते तीनदा वाचलं. पर्समध्ये तो कागद अजून होता, बसच्या तिकिटांबरोबर. घडी उघडली. वर नाव. खाली दोन शब्द: "तळीं तीन."

हे लिहिताना मला फारसं काही वाटून घ्यायचं नाही. वाटून घेऊन त्यांची एकही पायरी कमी होत नाही. मोजल्या मी. बावीस आहेत.

वरच्या बाईनं रोज टीव्ही बंद करायचं कबूल केलं. ती करीलही, पण कधी पाहुणे येतील, कधी विसरेल, आणि मामी समजतील की मुलगी रागावली. मामांना हवं होतं ते हे नव्हतं. कोणाचंच काम पडू नये, असं त्यांना हवं होतं. तीन नंबरचा डबा मी आठवडाभर शोधला. कुठेच नव्हता. आणि मिळाला असता तरी त्यावर सॉफ्टवेअर चढवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मग सोमवारी सकाळी लॅबचं शटर उघडताना माझी नजर काळ्या बुटक्या डब्यावर गेली. त्याच्यावर मामांनी सहा वर्षांपूर्वीच चढवून ठेवलेलं होतं. लॅबला रांगबिंग कशाला लागते? रिपोर्ट दोन सेकंद उशिरा गेला तर डॉक्टर चहा पितात.

पुढच्या रविवारची वेळ मी पंचांगात बघून ठरवली. रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. लॅब बंद. काळा डबा पिशवीत घातला, वायर घेतली, आणि मामांनी कधीतरी मला सांगून लिहवून घेतलेली, लाइन जोडून रांग लावायच्या सहा पायऱ्यांची वही घेतली. मामींनी घड्याळाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तुम्ही सुद्धां?"

"मीसुद्धा," मी म्हटलं.

पहिल्यांदा लाइन लागली नाही. मी पासवर्डातलं एक अक्षर चुकवलं होतं. दुसऱ्यांदा लाइन लागली, पण टॅब रांगेत कुठे बसवायचा ते सापडेना. दीड तासात खरंच कुणी हाक मारली नाही, फोनही नाही. सहाला दहा मिनिटं असताना शेवटची पायरी झाली. चार नंबरचा डबा मी पिशवीत घातला. तो आता लॅबमध्ये आहे आणि उत्तम चालतो. चिठ्ठी काढलेली नाही. मुलींना सांगून ठेवलंय, धूळ पुसायची ती वरूनच पुसा.

सातला कॉल आला. मी आधी वर जाऊन बाईला टीव्ही लावायला सांगितलं होतं, मोठ्यानं लाव म्हटलं. तिला वाटलं, मला वेड लागलं. तिनं लावला. खाली मुलगी हलत होती, बोलत होती, केस मागे सारत होती, तिच्यामागच्या खिडकीत बर्फ दिसत होतं. मामी पुढे वाकून तिच्या ओठांकडे बघत होत्या. मध्येच त्या हसल्या, मोठ्यानं, ज्यांना स्वतःचं हसू ऐकू येत नाही अशी माणसं हसतात तसं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"रागावली नाहीं म्हणते," मामी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "मग रोज अर्ध्यांत कां गप्प होत होती, विचारा."

मी माझा कॉफीचा पेला धुऊन ठेवला आणि बाहेर ओट्यावर येऊन चपला घातल्या. वर टीव्हीचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. जिन्यात दिवा लागला होता. बावीसही पायऱ्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावर कुणी नव्हतं.